खोट्या लढाईवाले भाऊ

आमच्या मंचरातले एक भाऊ पुण्याला लष्कराच्या कामावर व्हते. सरावाची खोटी लढाई कॉम्प्युटरात चालायची, ती साहेबांच्या हुकूम सोडायच्या खऱ्या यंत्रणेला जोडायचं त्यांचं काम. खोटं खऱ्यात मिसळलं तर खरीच फौज हलायची! म्हणून चहात साखर टाकतानाबी विचारायचे, "साखरच ना? नक्की?"

अन् मी गावचा नकल्या. भाऊ लोणीला पोरगी बघायला गेले, तवा मी एसटीडी बूथवरून पोरीच्या घरी फोन लावला अन् भाऊंच्या साहेबांचा आवाज काढला, "सगळी यंत्रणा बंद पडलीय, ताबडतोब या!"

भाऊ पोहे तसेच टाकून निघाले. ते कळल्यावर मी स्टँडकडं पळत सुटलो. मंचर स्टँडवर पुण्याच्या गाडीत चढताना त्यांना गाठलं अन् पाय धरून सगळं कबूल केलं. वाटलं, आता कानफाटात बसणार. तर ते वही काढून लिहायला लागले, "उलट फोन करून खात्री केली नाही. चूक माझी."

मग म्हणाले, "चल, पोरीच्या बापाला फोन लाव अन् सांग."

"कुणाच्या आवाजात, भाऊ?"

"तुझ्या."

त्या आवाजाची मला सवयच नव्हती, राव. तीनदा घसा खाकरला, तरी निघंना.