मनुबाईची खळाई

दर जानेवारीत डेन्मार्कच्या कुठल्याशा विद्यापीठाची पोरं रेवदंड्याला येतात. आठवडाभर राहतात आणि तेवढ्यात समुद्र, मासेमारी, संस्कृती, हवामानबदल असं सगळं शिकून विमानात बसतात. आमची पोरं तीन वर्षं कॉलेजात घासून कोरडीच्या कोरडी बाहेर पडतात. हुशारी लागते, बाबा, हुशारी.

या पाहुण्यांना हिंडवायचं काम सुजितचं. तो कोळीवाड्यातलाच, मुंबईला शिकून आलेला, आता स्वतःला को-ऑर्डिनेटर म्हणवतो. पहिल्याच वर्षी त्यानं पाहुण्यांशी बोलायला वाड्यातली मनुबाई निवडली आणि तिला बजावलं, मॅक्सी नको, लुगडं नेस, नाकात नथ घाल आणि डीप फ्रीझरवर चादर टाक. मनुबाईला नटायला निमित्तच हवं. नवरा गेल्यापासून तिला कोणी खुर्ची पुढे केली नव्हती. इथं तर गोरी पोरं तिच्या पायाशी चटईवर बसलेली.

तिनं आधी खरं तेच सांगितलं. ट्रॉलरवाल्यांनी समुद्र खरवडून नेलाय, जवला, म्हणजे ती बारीक कोळंबी, मिळत नाही, डिझेल परवडत नाही. पोरं माना डोलवत जांभया देत होती. मग एका मुलीनं विचारलं की खळ्यात शिरताना बायका चपला का काढतात. खळं म्हणजे बंदराजवळची सारवलेली मोकळी जागा, तिथं बायका जवला पसरतात, बोंबील टांगतात. चपलेची माती जवल्यात गेली की खाणाऱ्याच्या दाताखाली कचकचते, म्हणून चपला बाहेर. बस, एवढंच. पण एवढ्यावर कोण वही उघडतंय? मनुबाईनं नथ सावरली आणि म्हणाली, खळ्यात खळाईदेवी हाय.

धडाधड वह्या उघडल्या.

बोलणाऱ्याची बोरं विकतात, म्हणतात ते खोटं नाही. पुढच्या वर्षी खळाईला बहीण मिळाली, त्याच्या पुढच्या वर्षी नवस, कोप, एक राक्षसही. वाड्यातल्या बायका पदराआड हसत, सगळ्यांत जास्त शेजारची कोकिळा. एका वर्षी एक पोरगा शंकेखोर निघाला. म्हणाला, कोकिळाबाईंना तर ही देवी ठाऊकच नाही. दुसरी असती तर गडबडली असती. मनुबाई शांतपणे म्हणाली, "परक्याला देवीचं खरं सांगायचं न्हाय, अशी आण हाय आमच्यात. लईच इचारलं तर देवीच न्हाय म्हनायचं." म्हणे त्यावर त्या पोरानं प्रबंध लिहिला आणि पहिला आला.

यंदा पोरं आली ती भेट घेऊनच. त्यांनी तिकडे वर्गणी काढली होती, सुजितनं इकडे पंचायत पटवली होती, आणि खळ्याला तारेचं कुंपण पडलं. दारावर फलक लागला, त्यावर सुजितपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची नावं, आणि खाली बारीक अक्षरात, पवित्र स्थळ, आत मासळी सुकवण्यास मनाई. देवीला वास नको ना!

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की मनुबाईची चूल सुक्या जवल्यावरच पेटते, आणि जवला वाळवायला वाड्यात दुसरी सपाट जागा नाही. ती सुजितकडे धावली. तो म्हणाला, आता तोंड उघडू नकोस, फलकावर सरपंचांचं नाव आहे. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

पण बाई खमकी. उद्घाटनाला तिला माइक दिला, तेव्हा तिनं साऱ्या वाड्यासमोर सांगून टाकलं.

"खळाई-बिळाई कोनी न्हाय. मी बनवली ती, तुमी ऐकत नव्हता म्हनून. ही जागा जवला सुकवायची हाय. कुंपन काढा."

सुजितची बोबडी वळली, तरी लाजेकाजेस्तव त्यानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. पोरांसोबत आलेल्या प्राध्यापिकाबाईंनी डोळे पुसले, त्या विद्यार्थ्यांना हळू आवाजात काही म्हणाल्या, आणि पोरांनी मनुबाईला हात जोडले.

"काय म्हनाल्या?" मनुबाईनं विचारलं.

सुजितच्या जिवात जीव आला होता. "म्हणाल्या, बघा, शेवटपर्यंत आण मोडली नाही."

पोरं गेली, कुंपण राहिलं. मनुबाई आता रस्त्याकडेला ताडपत्रीवर जवला पसरते, रिक्षांची धूळ खाणारा. अर्धा असाच वाया जातो. परवा ती पाटी डोक्यावर घेऊन खळ्यावरून चालली होती. दारात कुणी हळदकुंकू वाहिलेलं, नारळ फोडलेला, आणि कोकिळा, तीच पदराआड हसणारी, दिवा लावत बसलेली. पोराला नोकरी लागली होती तिच्या. नवस फेडत होती.

मनुबाईला बघून ती दबक्या आवाजात म्हणाली, "चपला काढ गो आधी. देवीचं हाय."

मनुबाईनं पाटी खाली ठेवली आणि चपला काढल्या.