सत्यनारायणापुढे घातलेलं गाऱ्हाणं

चहा ओता आधी, निवतोय. आणि हे कुणाला सांगू नका म्हणणार होतो, पण त्यात अर्थ नाही. एकशे बारा फ्लॅटच्या माणसांनी समोर बसून ऐकलंय आणि निम्म्यांनी मोबाईलवर घेतलंय. माणूस घरात वेडेपणा करतो, ऑफिसात करतो. मी देवासमोर केला, हातात नारळ धरून, माईकवरून.

तुम्हाला माहीत आहे, गेल्या जूनपर्यंत मी इथेच मिरजोळ्याला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. मालकांनी बढती दिली आणि पुण्याच्या कारखान्यात पाठवलं. मी, बायको सुप्रिया आणि सात वर्षांची गार्गी, तिघे सामान टेम्पोत घालून गेलो. चौदा मजली इमारत. आम्ही सातव्यावर, भाड्याने.

मला स्वतःची काळजी नव्हती. मी कुठेही रुळतो. काळजी होती ती पोरीची.

इथे असताना गार्गी शाळेतून आली की दप्तर पडवीत टाकून जी जायची, ती दिवेलागणीला हाका मारून आणावी लागायची. कुणाच्या ना कुणाच्या घरात जेवलेली असायची. पुण्यात मी कामावरून आलो की ती घरात चित्र काढत बसलेली.

‘आज कुणाशी खेळलीस गो?’

‘खेळले.’

‘कुणाशी पण?’

‘आहेत.’

संपलं. आता सात वर्षांची पोर एका शब्दात उत्तर देते, याचा अर्थ काय लावायचा? मी अर्थ लावला की पोर मनातल्या मनात कुढते आहे. बापाच्या बढतीपायी पोरीचं बालपण गेलं. रोज रात्री जेवताना हे मनात यायचं आणि घास उतरायचा नाही.

सुप्रिया म्हणायची, ‘अहो, ती ठीक आहे. तुम्ही जेवा.’

आईला काय कळतंय? मी तिला सांगून टाकलं, मार्चपर्यंत बघायचं. शाळेचं वर्ष संपेपर्यंत पोर रुळली तर राहू, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं आणि परत मिरजोळे. बढती गेली खड्ड्यात. मालकांच्याही मी ते कानावर घातलं होतं.

बरं, पुण्याची माणसं वाईट नाहीत हो. आपल्याकडे रस्त्यात भेटलेल्याला ‘काय, कुठे दौरा?’ विचारलं नाही, तर तो घरी जाऊन बायकोला विचारतो, माझं काय चुकलं. तिथे विचारलं तर माणूस दचकतो. पण एकदा दचकून झालं की असा बोलतो की थांबत नाही. शेजाऱ्याला सांगायची सोय नसते, नातेवाइकाला तर त्याहून नाही. मी पडलो नवा, कोकणातला, त्यात भाडेकरू. आज आहे, उद्या नाही. सात महिन्यांत मला अख्ख्या इमारतीची दुखणी पाठ झाली. मी खोदून विचारायला कुणाच्या दारात गेलो नव्हतो, हे कृपा करून लक्षात ठेवा.

तर सव्वीस जानेवारीला सोसायटीत सत्यनारायणाची पूजा असते. खाली पार्किंगमध्ये मांडव, खुर्च्या, स्पीकर, मग सगळ्यांचं जेवण. मी त्या दिवसाकडे डोळे लावून बसलो होतो. गार्गीच्या वयाच्या मुलींचे आईबाप सगळे एका जागी सापडणार होते. चार घरांशी ओळख वाढली असती तर पोरीला निदान एक मैत्रीण मिळाली असती. मी सकाळपासून खुर्च्या मांडल्या, केळीचे खुंट बांधले, शिरा ढवळला.

पूजा झाली, आरती झाली. गुरुजींना शेजारच्या सोसायटीत दुसरी पूजा होती, ते स्कूटरवर बसून गेले. जेवणाला अजून पंधरा-वीस मिनिटं होती. तेवढ्यात आमचे चेअरमन निकमसाहेब, त्यांच्या मिसेस मला म्हणाल्या, ‘घवाळी, तुमच्या कोकणात ते गाऱ्हाणं घालतात ना? मी मोबाईलवर पाहिलंय. फार मजेशीर असतं. घाला ना एक.’

मी म्हटलं, ‘वहिनी, ते मजेशीर नसतं. खरं असतं.’

‘मग खरं घाला,’ निकमसाहेब म्हणाले आणि माईक माझ्या हातात दिला. त्यांनी दिला, मी मागितला नव्हता.

आता तुम्हाला गाऱ्हाणं काय ते सांगायला नको, पण त्यांना सांगावं लागलं. हातात नारळ धरायचा, डोळे मिटायचे आणि वाडीचं काय दुखतं ते मोठ्याने देवाच्या कानावर घालायचं. एकेक मागणं झालं की सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. आमच्या वाडीत हा मान माझ्या थोरल्या काकांचा, अण्णांचा. अण्णांचा नियम असा की देवाला मोघम सांगायचं नाही. ‘सगळ्यांचं भलं कर’ म्हटलं तर देवाने बघावं कुणाकडे? नाव घ्यायचं, घर सांगायचं, दुखणं सांगायचं. वाडीत कुणाचं काय लपलेलं असतं? उलट एखाद्याचं राहिलं तर तो रुसतो. गेल्या शिमग्याला बाळूतात्या आठ दिवस अण्णांशी बोलले नाहीत. त्यांच्या मूळव्याधीचं सांगायचं राहिलं होतं.

एवढं मनात धरून मी डोळे मिटले.

‘बा सत्यनारायणा म्हाराजा, आज ह्या चौदा माळ्यांच्या लेकरांनी तुझी सेवा केली हाय, ती गोड मानून घे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’ लोक हसत होते, पण म्हणाले.

‘सकाळचा नळ धा मिनटात जातो, तो अर्धा तास टिकव रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’ आता कुणी हसत नव्हतं. पाण्याचं दुखणं सगळ्यांचं.

मला जोर चढला. इतके दिवस त्या इमारतीत मी पाहुण्यासारखा वावरत होतो, आज पहिल्यांदा वाटलं की ही आपली वाडी. अण्णांचा आवाज माझ्या गळ्यातून यायला लागला. मग मी मोघम बोलणं सोडलं.

‘पाचव्या माळ्यावरच्या बर्वेकाकू. त्यांचा पोरगा परदेशात हाय. काकू सगळ्यांना सांगतात, रोज फोन येतो. तो म्हयन्यातून एकदा येतो, ते तुला ठाव हाय नि मला ठाव हाय. त्या पोराला बुद्धी दे, रोज आईला फोन करू दे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’ आवाज थोडा कमी आला. माणसं गहिवरली असणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. सुप्रियाच, दुसरं कोण ओढणार?

आता इथे घोटाळा झाला. आमच्याकडे गाऱ्हाणं चालू असताना काकी मागून अण्णांचा सदरा ओढते, आणि त्याचा एकच अर्थ असतो: कुणाचं तरी राहिलंय. लग्न होऊन दहा वर्षं झाली, सुप्रियाला हे माहीत आहे. मला वाटलं, बायको असावी तर अशी.

‘नवव्या माळ्यावरचे संदीपभाऊ,’ मी म्हटलं. ‘त्यांची शिग्रेट सुटली असं वैनींना वाटतंय. ती सुटली नाय, गच्चीवर टाकीच्या मागं ऱ्हायला गेली हाय. तिथून पण तिला घालव रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’ हे फक्त पोरांनी म्हटलं, पण फार आनंदाने म्हटलं.

शर्ट पुन्हा ओढला गेला. या खेपेला जोरात. म्हणजे कुणी मोठा माणूस राहिला. मोठा म्हणजे चेअरमनच की.

‘आमचे निकमसाहेब. घरात सासूबाई ऱ्हायला आल्यापासून बिचारे रोज सांजच्याला मीटिंग काढतात. सोसायटीला एवढ्या मीटिंगा झेपत नायत. सासूबाईंना सुखरूप नगरला पोचव, नि साहेबांना त्यांच्याच घरात बसायला जागा दे रे म्हाराजा.’

या वेळी एकच आवाज आला, तोही लांबून, गेटवरून. आमचा वॉचमन. प्रत्येक मीटिंगला खुर्च्या त्याला लावाव्या लागतात.

मग शर्ट असा ओढला की गळ्याशी आवळला आणि वरचं बटण तुटून पडलं. मी विचार केला, आता कोण राहिलं? पाचवा झाला, नववा झाला, साहेब झाले. आणि एकदम डोक्यात आलं. जगाचं सांगितलंस मेल्या, आणि तुझ्या पोरीचं?

‘आणि माझी गार्गी,’ मी म्हटलं, आणि नारळ छातीशी धरला. ‘पोर हितं रुळली नाय. एक मैत्रीण नाय तिला. एकटी पडली हाय. माझ्या बढतीपायी पडली. तिला एक मैत्रीण दे, नायतर मार्चात आम्हाला आमच्या घरी ने रे म्हाराजा.’

कुणीच काही म्हटलं नाही. वॉचमनसुद्धा गप्प.

मी डोळे उघडले.

बर्वेकाकू हातातल्या मोबाईलकडे बघत होत्या. संदीपभाऊंची बायको त्यांच्या बोटांचा वास घेत होती. पहिल्या रांगेत निकमसाहेबांच्या सासूबाई शिऱ्याचा द्रोण हातात धरून जावयाला शांतपणे विचारत होत्या, ‘म्हणजे काल मीटिंग नव्हती का?’ निकमसाहेब माझ्याकडे बघत होते. आमचा भाडेकरार कधी संपतो ते आठवत असावेत.

मी मागे वळलो. सुप्रिया म्हणाली, ‘गप्प बसा म्हणून ओढत होते.’

त्या क्षणी मला सगळं कळलं. या माणसांनी विश्वासाने पोटातलं सांगितलं होतं आणि मी ते स्पीकरवर लावलं. वाडीत जे सांगणं म्हणजे माया, ते इथे म्हणजे चव्हाट्यावर आणणं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मार्चची वाट बघायचं कारण उरलं नव्हतं, उद्याच टेम्पो बोलवायला हवा होता. आणि ज्या पोरीसाठी एवढा खटाटोप केला, तिला मैत्रीण नाही हे आता गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

तेव्हा मला गार्गी दिसली. मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना मुली होत्या, एकीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलेलं. गार्गीचं तोंड लालबुंद. ती उठली, तरातरा चालत आली आणि हात पुढे केला.

‘बाबा, तो नारळ दे इकडे.’

‘गार्गी, जेवायला बसूया आता.’

‘दे.’

मी दिला. माईक तिनेच खाली ओढून घेतला. दर शिमग्याला माझ्या खांद्यावर बसून तिने अण्णांचं गाऱ्हाणं ऐकलंय, तिला शिकवावं लागलं नाही. तिने डोळे घट्ट मिटले.

‘बा म्हाराजा, माझ्या बाबाने चुकीचं सांगितलंन. मला सात मैत्रिणी हायत.’

‘व्हय म्हाराजा,’ सतरंजीवरून सात आवाज आले.

‘मी बाबाला सांगत नाय. कारण त्याला कोणच नाय. माझ्या सात ऐकून त्याला वाईट वाटेल.’

मी तिला थांबवायला पुढे झालो, तर माझा शर्ट पुन्हा मागून ओढला गेला. या वेळी मला अर्थ बरोबर कळला. मी उभा राहिलो.

‘त्याला सातव्या माळ्यावर उतरायचं असतं,’ गार्गी म्हणाली. ‘पण तो चौदाव्यापर्यंत जातो नि परत खाली येतो. मग परत वर जातो. लिफ्टमध्ये कोणतरी बोलायला भेटंल म्हणून.’

हे तिला कसं कळलं, मला माहीत नाही. मी आजूबाजूला बघून बटण दाबत असे. आणि सात महिने मी जिची काळजी करत होतो, ती पोर तेवढेच महिने माझी काळजी करत होती, हे मला पार्किंगमध्ये, उघड्या गळ्याच्या शर्टात, सगळ्यांदेखत कळलं. डोळ्यांत पाणी आलं. ते मी पुसलं नाही, पुसलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

‘बाबा वाईट नाय,’ ती पुढे म्हणाली. ‘त्याला एकटं वाटतं म्हणून तो सगळ्यांचं ऐकतो, नि मग त्याच्या पोटात ऱ्हात नाय. त्याच्यावर कोणी रागवू नको. त्याला एक मित्र दे. म्हणजे तो घरात जरा कमी बोलंल रे म्हाराजा.’

मी खाली फरशीकडे बघत होतो.

आणि मग मांडव हादरला. ‘व्हय म्हाराजा!’ पाण्याच्या वेळी आला नव्हता एवढा आवाज. बर्वेकाकू म्हणाल्या. संदीपभाऊ म्हणाले आणि त्यांची बायकोही म्हणाली. निकमसाहेब आणि त्यांच्या सासूबाई तर एका सुरात म्हणाले. गेटवरून वॉचमन म्हणाला.

पण सगळ्यात मोठा आवाज माझ्या पाठीमागून आला, अगदी कानाशी. तिथे फक्त सुप्रिया उभी होती.