बाबांची तक्रार आणि माझी साक्ष

माझी लेक अमेरिकेत नर्स आहे. मागच्या महिन्यात ड्युटीवरून घरी जाताना पोलिसानं तिची गाडी अडवली. तिला खाली उतरवलं, दोन्ही हात गाडीवर ठेवायला लावून अर्धा तास उभं केलं. गाडी चोरीची असावी म्हणे! बाजूला बसलेल्या गोऱ्या मैत्रिणीला मात्र, "मॅडम, तुम्ही बसा." लेकीनं तक्रार केली. तिथं पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असतो, पण नेमका तेव्हाच तो बंद होता. मुडदा बशिवला त्या कॅमेऱ्याचा! आता सगळं त्या मैत्रिणीच्या साक्षीवर, आणि ती म्हणते, मी मोबाईलमध्ये होते, नीट पाहिलं नाही.

"मम्मी, बाजूलाच बसली होती ती! खोटारडी!" लेक फोनवर रडत होती.

मी एरवी तोंडाची फटकळ. इथं नांदेडात आमच्या कॉलनीत कुणी तिकडचं कौतुक करू लागलं की मी ठणकावते, बाई, कुठंही जा, पळसाला पानं तीनच. इथं आडनाव विचारून ठरवतात, तिथं विचारायचेही कष्ट नाहीत. पण सगळं सारखं नाही, हेही मला ठाऊक आहे. तिथं तक्रारीला नंबर मिळतो, चौकशी कोण करतंय त्याचं पत्र घरी येतं. आमच्या वेळी तक्रार करायची कुठं, हेच कुणी सांगत नव्हतं.

मी बारावी झाले त्या सुमाराला आमच्या इकडच्या मुरुडजवळच्या गावात दुष्काळ होता आणि जुना जिल्हा फोडून आमचं गाव नुकतंच नव्या जिल्ह्यात गेलं होतं. टँकर आला की आधी गावाच्या घागरी भरायच्या, उरलं तर आमच्या बौद्धवाड्याच्या. बाबा म्हणाले, "रांगेनं द्या की, साहेब." बंदोबस्ताच्या शिपायानं विचारलं, "कोणाचा रं तू?" बाबांनी आडनाव सांगितलं आणि काठी बसली. मनगट मोडलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

बाबांना ना पैसा पाहिजे होता, ना माफी. "त्याचं नाव सरकारच्या कागदावर यावं," एवढंच म्हणायचे. अर्ज मी लिहिला आणि सवयीनं वर जुन्याच जिल्ह्याचं नाव टाकलं. ठाण्यातला जमादार खूश! "हा कागद तिकडचा हाय, तिकडं जा." तिकडं गेलो तर, "तुमचं गाव आता आमच्यात न्हाई." नव्या जिल्ह्याला गेलो तर तिथं लोक अजून खुर्च्याच उतरवून राहिले होते. हात गळ्यात बांधून बाबा सहा महिने चकरा मारत राहिले. लई चिवट माणूस.

शेवटी नव्या जिल्ह्यातल्या एका साहेबानं खरंच चौकशी लावली. साक्षीला गावातलं कोण येणार? मी एकटी. त्याच आठवड्यात मला सरकारी नोकरीचा कॉल आला होता आणि वर्तणुकीचा दाखला त्याच ठाण्यातून घ्यायचा होता. जमादारानं धमकी दिली नाही. नुसतं विचारलं, "पोरी, दाखला कवा पाहिजे तुला?"

"काठी मारताना पाहिलंस?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, साहेब. मी घागर भरून राहिले होते."

साहेब भला माणूस, त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा न्हाई म्हणाले. बाबा शेजारीच उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चल, एसटी चुकंल." घरी आईनं विचारलं तेव्हा तिला सांगितलं, "पोरीनं जे पाहिलं ते सांगितलं." मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. मला माझ्या त्या 'न्हाई'ची लाज वाटते, आजही वाटते.

हे लेकीला कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी फोनवर सगळं सांगून टाकलं.

"मम्मी, त्याच नोकरीच्या पगारावर मला शिकवलंस ना?"

"हाव," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवला नाही, आणि त्या मैत्रिणीला पुन्हा खोटारडी म्हणालीही नाही.