गाठीचं पेन

शिवरामची सगळी नोकरी लोखंडावर गेली. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो टर्नर होता. लेथवरून जॉब, म्हणजे कातलेला लोखंडी भाग, उतरवला की त्यावरून अंगठा फिरवायचा, आणि कुठे जराशी खरखर लागली की साहेबाने पास केलेला जॉबसुद्धा पुन्हा मशीनवर चढवायचा. रिटायर झाला तेव्हा बुवापाड्यातल्या दोस्तांनी विचारलं, "आता काय करणार?" तर म्हणाला, "चांगुणाच्या मागे मागे हिंडणार. इतकी वर्षं ती दिवसभर काय करते ते मला कुठे माहितीये?"

चांगुणा त्याची बायको. वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका. आता नोकरीला लागलेली, पोरंबाळं झालेली कितीतरी माणसं तिच्यापुढे मांडी घालून पहिला 'अ' गिरवायला शिकली होती. तिचं अक्षर टपोरं, गोल, एका रेषेत. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या फळ्यावर तिने काही लिहिलं की ते पुसायला कुणी पटकन पुढे होत नसे.

शिवरामला तिच्या मागे हिंडायला फार मिळालं नाही. एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातून भांडं निसटलं. ती "अहो" म्हणाली, पण ते 'अहो' भलतंच ऐकू आलं. शिवराम धावत स्वयंपाकघरात गेला, तोवर ती ओट्याला टेकून खाली बसली होती. उजवी बाजू गेली होती.

दवाखाना झाला, सलाईन झाली, मग घरी आल्यावर मालीश आणि व्यायाम. वाचा हळूहळू परत आली. पाय ओढत का होईना, ती चालायला लागली. बोटं मात्र रुसून बसल्यासारखी झाली. शिवराम पोळ्या लाटायला शिकला, तिची वेणी घालायला शिकला. वेणी पहिले काही दिवस दोरखंडासारखी व्हायची आणि चांगुणा आरशात बघून खुदकन हसायची. पण पेन हातात दिलं की तिचा चेहरा उतरायचा. लेक मैत्रेयी ठाण्याला ऑफिसात होती. तिने रबराची जाड पकड असलेली, परदेशी कंपनीची पेनं आणून दिली. तीही घसरली.

"पेन हातात आहे हे हातालाच कळत नाही गं," चांगुणा म्हणाली. त्यानंतर तिने पेन मागितलं नाही. विहारात जाणंही सोडलं. का, विचारलं तर म्हणाली, "समोर फळा दिसतो ना."

त्या दिवसांत नाथा तिला बघायला आला. नाथा पूर्वी शिवरामच्याच कंपनीत हेल्पर होता, नंतर बदलापूरच्या पलीकडे बारवीच्या बाजूला आपल्या गावी शेतीवर परत गेलेला. येताना त्याने वाल आणले आणि परसातल्या बांबूची एक काठी. "वहिनी, हिला धरून चाला," म्हणाला. चांगुणाने काठी उजव्या हातात घेतली. दारापर्यंत गेली, परत आली. नाथा गावच्या गप्पा सांगत होता, पण शिवरामचं लक्ष त्या हाताकडे लागलं होतं. पेन न धरणारी बोटं काठी धरत होती.

पुढच्याच आठवड्यात तो नाथाच्या गावी हजर झाला.

"काठी मोडली का काय रं?" नाथाने विचारलं.

"नाय. मला शेंड्याकडचा बारीक बांबू पाहिजे. पेन करायचंय."

"बांबूचं पेन? जनम लोखंडात काढलास नि आता ह्यो काय नाद?"

नाद म्हणत म्हणत नाथाने कोयता घेतला आणि भारा बांधून दिला. शिवरामने गॅलरीत फळीला व्हाइस, म्हणजे लोखंडी शिकंजा, ठोकला, जुन्या कानशी बाहेर काढल्या. बांबू आतून पोकळ, म्हणजे रिफिल बसायला अर्धं काम आधीच झालेलं, असं त्याला वाटलं होतं. पण लोखंड सांगितलेलं ऐकतं, बांबू ऐकत नाही. पहिलं पेन वाळता वाळता उभं तडकलं. दुसऱ्या खेपेचे तुकडे त्याने कपाटात जपून ठेवले, तर काही दिवसांनी त्यातून पिवळी भुकटी गळायला लागली. भुंगा लागला होता. नाथा फोनवर हसला. "ओलाच घेऊन गेलास, म्या तरी काय बोलणार? आता बांबूतलं पानी उतरल्यावर तोडतो, ओढ्यात मुरवतो, सावलीत वाळवतो. तवर धीर धर."

शिवरामने धीर धरला. हिवाळ्यात नीट मुरलेला, वाळलेला बांबू आला तेव्हा तो नव्या कामगारासारखा कामाला बसला. कानशीने घासून, पॉलिश पेपर मारून, तेल लावून त्याने असं गुळगुळीत पेन केलं, की अंगठा फिरवला तर बांबू आहे हे कळू नये. चांगुणाच्या हातात दिलं. ते साबणासारखं निसटलं. त्याने थोडं जाड केलं, तेही निसटलं. तिने ते डाव्या हाताने उचलून परत त्याच्यापुढे ठेवलं.

एका दुपारी तो बाजारातून परतला तर चांगुणा गॅलरीत बसलेली. तिच्या हातात त्याने बाजूला टाकलेला एक तुकडा होता. गाठ न काढलेला, नुसता भोक पाडून ठेवलेला.

"तो नको घेऊस, कच्चा आहे," शिवराम म्हणाला. "अजून गाठ घासायचीय."

"राहू दे."

"अगं, टोचेल."

"टोचू दे. टोचते म्हणून तर कळतंय." तिने हात वर केला. तिचा अंगठा सरकत सरकत गाठीपाशी येऊन अडला होता आणि तिथेच टेकून राहिला होता. "अहो, ही गाठ काढूच नका."

शिवरामने बाजाराची पिशवी खाली ठेवली. जन्मभर त्याने जी खरखर घालवली तीच नेमकी तिला हवी होती. मग त्याने तिच्या बोटांची मापं दोऱ्याने घेतली, गाठीखाली मधल्या बोटासाठी उथळ खाच केली आणि रिफिल बसवली. मांडीवर पेपर पसरून चांगुणाने कडेच्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लागला. अक्षरं फुटलेल्या वारुळातल्या मुंग्यांसारखी इकडेतिकडे गेली होती. शिवरामने चष्मा लावून वाचलं.

'साखर कमी.'

"कशात?"

"सकाळच्या चहात," ती तोंडाने म्हणाली. "किती दिवस सांगीन म्हणतेय."

शिवराम आत गेला. मग साखर बरोबर घालून त्याने चहा आणला.

व्यायामासाठी तिला सरकारी दवाखान्यात न्यावं लागे. तिथल्या बाकावर ती ते पेन घेऊन बसायची, हाताला सवय व्हावी म्हणून. तिथेच धर्मेशने ते पाहिलं. धर्मेशचं उल्हासनगरात, कॅम्प चारला, गिफ्ट आणि स्टेशनरीचं दुकान. वडिलांना घेऊन तो यायचा.

"काका, ये कहाँ से लिया? पप्पांच्या हातात पेन टिकतच नाही."

शिवरामने वडिलांच्या बोटांना दोरा लावून माप घेतलं. पुढच्या खेपेला पेन दिलं. म्हाताऱ्याने ते मुठीत घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. मग एके दिवशी धर्मेश बुवापाड्यात घरीच आला.

"काका, दिवाळीला लोक गिफ्ट देतात, सगळा प्लास्टिकचा माल. महिन्याभरात कचऱ्यात. आपण हे ठेवू. रिफिल बदलली की चालू, फेकायची बात नाही. फक्त ही गाठ-बीठ काढा, सब एक जैसा, एकदम चिकना."

शिवरामचे हात शिवशिवले. एकसारखं, गुळगुळीत काम तर त्याच्या रक्तातच होतं. तो हो म्हणणार एवढ्यात आतून चांगुणा काठी टेकत आली.

"धर्मेशभाऊ, गाठ काढली तर प्लास्टिकच्यात काय वाईट होतं?"

"आंटी, गिऱ्हाईक बोलेल माल डिफेक्टिव्ह आहे."

"मग गिऱ्हाइकाला म्हणा, आधी हातात धरून बघ."

धर्मेश हसला आणि कबूल झाला. गल्ल्यापाशी त्याने एक उघडा ट्रे ठेवला. लोक एकेक पेन उचलून बोटं लावून बघायचे आणि आपल्याला बसेल ते घ्यायचे. भेट द्यायची असेल तर शिवराम पेन ठेवायला जाड बांबूची नळी करून द्यायचा. खालची गाठ हाच तिचा तळ, वर बांबूचंच झाकण. मैत्रेयीच्या ऑफिसात कुणी रिटायर झालं की आता तीच नळी जाते. नाथाच्या गावातले आणखी दोघे बांबू मुरवून पाठवतात. काम वाढलं, पण शिवराम गॅलरीत मावेल एवढंच घेतो.

चांगुणाचं पूर्वीचं अक्षर परत आलं नाही. आताचं मोठं आहे, डावीकडे कलंडतं, आणि दोन ओळींनंतर ती थकते. तरी ती रोज लिहिते. विहारातही जायला लागली आहे. फळ्यापाशी जात नाही, बाकीच्यांत बसते.

दवाखान्यात मांजर्लीची रखमाबाई भेटली. शेतकरी घरातली, सत्तरी ओलांडलेली, तिचाही उजवा हात गेलेला. मुलगा संतोष रिक्षाने सोडून जायचा. चांगुणाचं पेन बघून ती शिवरामला म्हणाली, "मना बी एक दे रं दादा."

"देतो की. काय लिहिता आजी?"

"मना लिवता नाय येत. कधी शिकलंच नाय. पन धरायला बरं वाटतंय."

शिवरामने तिलाही माप घेऊन पेन करून दिलं. धरून बसण्यापुरतंच होतं ते. पण नंतरच्या खेपेला रखमाबाई चांगुणाच्या शेजारी सरकली आणि लाजत म्हणाली, "बाई, माज्या नातीचं नाव कीर्ती. ते कसं काडतान?"

चांगुणाने तिच्या केसपेपरच्या मागे 'की' काढून दाखवला. तो थोडा डावीकडे कलंडलाच. "आधी उभी रेघ. हां. आता तिला अडकवून पोट काढा. गोल, गोल. घाई नको." शिवरामने मान वर केली. हा आवाज, जरा दटावणारा, जरा गोंजारणारा, त्याने आजारपणानंतर ऐकलाच नव्हता. अंगणवाडीच्या खिडकीतून रस्त्यापर्यंत यायचा तोच होता तो.

"आनि पुडचं?" रखमाबाईने विचारलं.

"पुढे रफार आहे, अवघड आहे. ते नंतर."

"ऱ्हाऊ दे मंग. पुडचं तिचं ती लिवंल."

तेवढ्यात आतून दवाखान्यातल्या मावशींनी नाव पुकारलं. "रखमाबाई! चला आजी, लवकर!"

रखमाबाई उठली नाही. जीभ दातांत धरून ती कागदावर ओणवी झाली होती, अंगठा गाठीवर पांढरा पडला होता.

"थांब गं बाय," ती म्हणाली. "येलांटी ऱ्हायलीय."