हिल्डाबाईंना एकदा रडायचं होतं

हिल्डा थ्रॉसेल हे नाव आता कुणाला आठवत नाही, पण चेहरा दाखवा, आमच्या वयाची माणसं लगेच हसतील. युद्धानंतर इथे इंग्लंडात आमच्या गावाबाहेरच्या स्टुडिओत जो विनोदी सिनेमा निघे, त्यात मोलकरीण नाहीतर भांडकुदळ सासू म्हणून बाई असायच्याच. मी तिथे पडदे रंगवायचो. गावच्या शाळेपलीकडे मी काही शिकलो नाही, तरी चहाच्या सुट्टीत बाई माझ्याच बाकावर येऊन टेकायच्या.

लँकेशरच्या गिरणीकामगाराची ही पोर. लहानपणी नाटकात पाय घसरून पडली, लोक हसले, म्हणून मॅनेजरने रोज पडायला लावलं. युद्धात त्यांचा एकुलता एक मुलगा आर्थर बोटीबरोबर बुडाला. तार आली त्या दुपारीसुद्धा बाईंनी खेळ केला, अन् लोक पोट धरून हसले म्हणे.

आमच्याकडे एक रीत होती. चित्रीकरणात कुणी हसलं की तो आवाज टिपला जाऊन प्रसंग वाया जायचा. म्हणून बाई आल्या की वर माळ्यावरचे दिवेवाले तोंडात रुमाल कोंबायचे. रुमाल दिसले की बाईंना समजायचं, जमलं.

आणि एकदा दिग्दर्शक कार्लायनसाहेबांनी त्यांना आईची गंभीर भूमिका दिली. दारात तार येते, मुलगा गेलेला असतो.

"जमेल ना, हिल्डाबाई?"

"मी आई होते, साहेब."

मला मात्र हळूच म्हणाल्या, "आर्थरसाठी मी चार लोकांत कधी रडलेच नाही रे. एवढं एकदा नीट होऊ दे."

दिवेवाला विल्फ वरून ओरडला, "बाई, आज रडवणार म्हणे! आमच्या घरी ते काम सासूबाई फुकटात करतात!"

"गप्प बस विल्फ्या, नाहीतर तिलाच बोलावते तुझे दिवे धरायला!"

सुरुवात झाली. बाईंनी साबणाच्या हातांनी तार फोडली. हनुवटी थरथरली, आणि माझ्या अंगावर काटा आला. नेमकं तेव्हाच वर विल्फने अन् त्याच्या सोबत्यांनी सवयीने रुमाल तोंडात कोंबले. हसू कुणालाच येत नव्हतं. बाईंची नजर वर गेली, रुमाल दिसले, आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांचा गुडघा मुडपला, भुवई उडाली.

सगळा स्टुडिओ हसत सुटला. कार्लायनसाहेबसुद्धा.

"परत एकदा, साहेब. एकदाच."

डोळे पुसत साहेब म्हणाले, "बाई, आता तुमच्याकडे बघून मलाच गंभीर राहवत नाही." भूमिका दुसरीला गेली.

विल्फ खाली धावत आला. "हात आपोआप गेला हो, बाई!"

"माझा गुडघाही तसाच गेला, राजा. तू तरी काय करणार?"

सिनेमा लागला तेव्हा माझी बायको मेबल अन् मी त्यांना घेऊन गेलो. नको म्हणत होतो, ऐकेनात. तो प्रसंग आला. थिएटरात मुसमुस सुरू झाली, आणि शेजारी बाई आर्थरचं नाव घेऊन रडू लागल्या, अगदी मोकळ्या. पुढच्या रांगेतली एक बाई स्वतःचे डोळे पुसत सांत्वनाला मागे वळली. बघते तो काय!

"अगंबाई, तुम्ही? अहो, बघा तरी, कशी नक्कल करताहेत!"

अख्खी रांग वळली. हिल्डाबाईंना रडं आवरेना, आणि त्या जितक्या रडत होत्या, तितकी ती माणसं हसत होती.