आईच्या नावाची आंघोळ

देवीवर मी रागावले होते, हे आधीच कबूल करते. इथे परदेशात, वुडलँड्स नावाच्या भागातल्या एका नर्सिंग होममध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून लागून मला दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी आठ म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं. इथे परक्यांच्या आयांची सेवा करत होते आणि माझी आई तिकडे कोल्हापुरात अंथरुणाला खिळलेली. तिचं अंग वहिनी पुसायची. "अंबाबाई, हा कुठला गं न्याय?" म्हणून मी रोज फोटोशी भांडायचे. फोटो बिचारा ऐकून घ्यायचा.

त्या सकाळी आह्माला साबण लावत होते. आह्मा म्हणजे नव्वदीची चिनी आजी. स्वतःच्या मुलांनाही ती ओळखत नसे आणि आंघोळीला रोज कडाकडा भांडे. खिशातला फोन वाजला. ड्यूटीवर घ्यायचा नसतो, पण दादाचा होता म्हणून घेतला.

"आई गेली गं. उन्हाळा आहे, थांबता येणार नाही. दुपारीच नेतोय."

तेवढ्यात पोचवणारं विमान नव्हतं. खोटं कशाला बोलू, रडूही फुटलं नाही. मनात एकच घोळत होतं: तिच्या अंगावर शेवटचं पाणी आपण घातलं नाही. बातमी ऐकल्यावर डोक्यावरून आंघोळ करायची असते, तीही आता जमणार नव्हती. साबणाने माखलेल्या म्हातारीला एकटी सोडून जाणार कुठे?

मी तशीच तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून राहिले. आह्माने माझ्या हातातला शॉवर काढून घेतला. मला वाटलं, झालं, आता फेकणार. तिने माझं डोकं मांडीजवळ ओढलं आणि त्यावर पाणी सोडलं. दुसऱ्या हाताने केस चोळत राहिली.

"गर्ल, वॉश, वॉश. क्राय ऑल्सो कॅन."

मग मी युनिफॉर्मसकट भिजत पोटभर रडले.

बुद्धी गेलेल्या बाईचा चाळा, असं कोणी म्हणेल. असेलही. मी वाद घालत नाही. मला आईपर्यंत पोचता आलं नाही, पण माझ्यापर्यंत कोणीतरी पोचलं, एवढं मला कळलं. कोणाच्या हातून काय द्यायचं ते देवीचं देवी बघते. आपण हिशेब मागू नये.

पुढचे दहा दिवस सुतक होतं, देवाला हात लावायचा नव्हता. त्या आठ जणांना मात्र मी रोज आंघोळ घातली, आणि प्रत्येकाच्या अंगावर शेवटचं पाणी आईचं नाव घेऊन सोडलं.