गिरणीच्या तळ्यातली काळी कोंबडी

बॉयलरखात्यातली राख रोज निघायची. किस्से मात्र कोणी बाहेर नेऊन टाकत नसे, म्हणून ते साठत गेले. इंग्रजांच्या राज्यात सोलापूरच्या एका गिरणीत मी त्या खात्याचा मुकादम होतो. शाळा फार पाहिली नाही, पण ऑर्डर कधी दोनदा द्यावी लागली नाही. तरी एका पाखरानं मला घोळात घातलं.

*

बॉयलरच्या पाण्यासाठी गिरणीचं तळं होतं. काठच्या लव्हाळ्यात काळी पाखरं राहत. कपाळ तांबडं, पाय हिरवे. लोक त्यांना पाणकोंबड्या म्हणत. आमचे भट्टीवरचे दोन फायरमन त्यावरून भांडायचे. करीमभाई म्हणे मुर्गी, राजय्या म्हणे बदक. मी निकाल दिला, "पाण्यात पोहतं ते बदक! कामाला लागा."

दुसऱ्या दिवशी ते बदक माझ्यासमोर काठावर आलं आणि कोंबडीसारखं टुकूटुकू दाणे टिपू लागलं. दोघं माझ्याकडं बघत राहिले. मी दोघांनाही आत पाठवलं!

*

मारुती आमच्याकडं कोळसा ओढायचा. त्याच्या लेकीला गोवर झाला तेव्हा बायकोनं, गंगूनं, मरीआईला काळ्या कोंबडीचा नवस बोलला. लेक बरी झाली. पण आषाढ लागला होता, घरोघरी नवस फिटत होते, बाजारात काळी कोंबडी मिळेना. गंगू लेकीला घेऊन वैरागला माहेरी जाऊन बसली. निरोप आला, "नवस फेडा, मगच आमी येतो."

मारुती रोज करपलेली भाकरी आणायचा. एक दिवस म्हणाला, "मुकादम, तळ्यातली बी कोंबडीच की!"

"ते बदक आहे."

"बदक आसंल तर देवी सांगंल की!"



*

मारुती कोळशाची पाटी घेऊन पाण्यात उतरला. पाटी टाकली, तसं पाखरू बुडालं. वर आलंच नाही. आम्ही काठावरून पाहत होतो.

"मेलं बिचारं," राजय्या म्हणाला.

इतक्यात लव्हाळ्यापाशी पाण्यावर नुसती चोच दिसली! बाकी सगळं पाखरू पाण्याखाली.

करीमभाईनं कपाळाला हात लावला. "मुर्गी नै, बदक नै, मच्छी है ये!"

"मग जाळं आणतो," राजय्या म्हणाला. आणलं, आणि धरलंही!

*

धरल्यावर पाहिलं तर शेपटीखाली पांढरी पिसं. नवसाला सबंध काळी हवी. मारुतीनं धुराड्याची काजळी आणून चोळली आणि पाखरू पाटीखाली झाकलं. सकाळी पाटी उचलली. पाखरानं चोचीनं सगळं अंग साफ केलं होतं. शेपटी पांढरी, चोच काळी!

मारुतीनं मला विचारलं, "आता ही उलटी झाली का वं?"

*

शेवटी तसंच न्यायचं ठरलं. निरोप गेला तशी गंगू लेकीला कडेवर घेऊन मरीआईच्या देवळात आली. आम्हीही गेलो. भगतानं रीत सांगितली. कोंबडीच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं. तिनं अंग झाडलं, तर देवीनं नवस घेतला. नाही झाडलं, तर नाही घेतला.

भगतानं पाणी शिंपडलं. पाखरू हललं नाही. ओंजळभर टाकलं. पाणी पिसांवरून ओघळून गेलं.

"कोंबडीच हाय न्हवं?" भगतानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आमच्या खात्यातली आहे," मी म्हणालो.

गंगूनं पदर खोचला. "मंग मी वैरागलाच जाते."

"थांब की!" मारुतीनं भरलेली घागर उचलली आणि पाखरावर ओतली. पाखरानं पंख पसरले आणि मजेत आंघोळ सुरू केली! घाईत अर्धी घागर मारुतीच्याच डोक्यावर सांडली. वारं सुटलं होतं. त्याला हुडहुडी भरली आणि त्यानं डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग झाडलं.

"झाडलं!" भगत ओरडला. "देवीनं घेतलं!"

मग त्याचाच हात सुरीपाशी थांबला. त्यानं एकदा पाखराकडं पाहिलं, एकदा मारुतीकडं.

गंगूनं लेक राजय्याच्या हातात दिली, नवऱ्याचं डोकं पदरानं पुसलं आणि भगताला म्हणाली,

"ह्यास्नी मी घरी नेते. ती कोंबडी तुमी सोडा!"